पेट्रोलचा टँकर आठ दिवस आलाच नाही तर? आपल्या सोसायटीचं तेल कमी करण्याची सविस्तर कृती

१ जानेवारी २०२४. मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि आपल्या नाशिकचं पेट्रोल-डिझेल तिथूनच टँकरने येतं. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा देणाऱ्या, ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरोधात चालकांनी टँकर उभे केले आणि बघता बघता नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या. मीही त्र्यंबक रोडला रांगेत होतो, दीड तास. माझ्या स्कूटरची टाकी तेव्हा अर्धी भरलेली होती हे आता सांगायला लाज वाटते, पण पुढचे-मागचेही तसेच होते. दुसऱ्या दिवशी रात्री संप मिटला. दोनच दिवस, आणि तेवढ्यात अख्खं शहर घाबरलं.

त्यानंतर आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत, चोवीस घरांत, जे काही करून पाहिलं त्यावरून हा लेख लिहितोय. काही गोष्टी जमल्या, काही फसल्या. तुम्हाला करायचं असेल तर कुठून सुरुवात करायची आणि आम्ही केलेल्या कोणत्या चुका टाळायच्या, ते क्रमाने सांगतो.

ही कल्पना आमची नाही. २००५ मध्ये आयर्लंडमधल्या किन्सेल या गावात रॉब हॉपकिन्स या शिक्षकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक आराखडा केला होता: गावाचा खनिज तेलाचा वापर वर्षागणिक कमी करत न्यायचा तर अन्न, वाहतूक, घरं, वीज यांचं काय करायचं. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या टॉटनेसला त्याची चळवळ झाली. ‘ट्रान्झिशन टाउन’, म्हणजे बदलाच्या वाटेवरचं गाव, हे तिचं नाव, आणि नंतर ती अनेक देशांत गेली. मला त्यातली एक गोष्ट पटली. तेल महागेल किंवा अडेल तेव्हा धडपडत खाली येण्यापेक्षा आधीच एकेक पायरी उतरायची, आणि एकट्याने नाही, शेजाऱ्यांबरोबर. आपल्याकडे शेतात इर्जिक घालायचे, त्याच जातीची ही गोष्ट आहे. आज तुझं रान, उद्या माझं.

आधी माणसं, आणि ‘हवामान बदल’ हा शब्द नंतर

पहिली बैठक मी घालवली. लॅपटॉप लावून पृथ्वीच्या तापमानाचे आलेख दाखवले. नऊ जण आले, चहा झाला, सगळे ‘छान, छान’ म्हणाले आणि पुढच्या रविवारी तीन जण उरले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सरळ सांगितलं, ‘अहो, ते आर्क्टिकचं राहू द्या. सिलेंडर कसा जास्त दिवस पुरेल ते सांगा, मी येते.’

तेव्हा बैठक बोलवायची ती प्रश्नावर: टँकर आठ दिवस आला नाही तर आपल्या बिल्डिंगचं काय होईल? लिफ्टचं, दुधाचं, भाजीचं, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या डायलिसिसच्या फेऱ्यांचं? या प्रश्नावर प्रत्येकाकडे बोलायला असतं. कोजागिरीला गच्चीवर सगळे आपसूक जमतात, ती वेळ साधा. हवामानाचा विषय नाशिककरांना वेगळा समजावून सांगावा लागतच नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर पूर मोजणारं हे शहर आहे. २००८, २०१६, २०१९ चे पूर सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत निफाडकडे द्राक्षबागांची काय दशा झाली हे प्रत्येकाच्या कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाने पाहिलेलं असतं.

गट सहा ते दहा घरांचा पुरे. सगळी सोसायटी येईपर्यंत थांबलात तर कधीच सुरू होणार नाही. पद वगैरे कुणाला देऊ नका. एकाकडे वही, एकाकडे पैसे, एवढंच. वही आणि पैसे एकाच्या हातात नसावेत, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळा.

इंधनाची वही

महिनाभर काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. पेट्रोल किती लिटर, सिलेंडर किती दिवस चालला, विजेची किती युनिटं. पैसे लिहू नका, कारण भाव बदलतो आणि मग तुलना करता येत नाही.

वहीत दोन रकाने करा, तेलाचा आणि धुराचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. हे दोन वेगळे आहेत हे मला स्वतःला वही लिहितानाच कळलं. धुराचा हिशोब सोपा आहे. १ लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, डिझेलचा २.६ ते २.७. स्वयंपाकाच्या गॅसचा किलोला ३ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलेंडरचा बेचाळीसच्या आसपास. ग्रिडवरच्या, म्हणजे तारेतून घरी येणाऱ्या विजेचा युनिटला साधारण ०.७ किलो, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे.

एक घर उदाहरणाला घेऊ. महिन्याला ३० लिटर पेट्रोल, दीड महिन्याला एक सिलेंडर, १८० युनिटं वीज. पेट्रोलचे ६९ किलो, गॅसचे २८, विजेचे १२६. म्हणजे धुराच्या रकान्यात वीज पहिली, पण तेलाच्या रकान्यात तिचं नावही नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं, स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून जास्त हिस्सा आयातीचा. म्हणून एका रकान्यात भाबडेपणाने कमी केलेलं दुसऱ्यात वाढू शकतं.

ठसठशीत उदाहरण इंडक्शन शेगडीचं. गॅस सोडून इंडक्शनवर गेलात तर तेलाचा रकाना रिकामा होतो, पण वीज कोळशाची असेल तर तेवढ्याच स्वयंपाकाला धूर जवळजवळ दुप्पट. गच्चीवर सोलर असेल तर गोष्ट वेगळी. उलट इलेक्ट्रिक स्कूटर कोळशाच्या विजेवर चालवली तरी फायद्यात राहते. पेट्रोल स्कूटर ४५ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला पन्नासेक ग्रॅम, इलेक्ट्रिकला पंचवीसच्या आसपास. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवून ‘शेवटी कोळसाच ना’ म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगा. आणि नवी स्कूटर घेण्याआधी पुढचा भाग वाचा, कारण कदाचित तिची गरजच पडणार नाही.

तीन किलोमीटरच्या आतलं

वहीच्या दुसऱ्या महिन्यात प्रत्येक फेरीपुढे अंतर लिहा. आमच्याकडे लिहायला लागल्यावर जो तो ओशाळला. दूध, औषधं, क्लास, गिरणी, बँक: बहुतेक फेऱ्या तीन किलोमीटरच्या आतल्या, आणि त्याच दिवसातून तीनदा. ऑफिसची फेरी एकच असते आणि ती टाळता येत नाही. कमी करायला सोप्या आहेत त्या या किरकोळ फेऱ्या.

आपलं शहर सायकलवाल्यांचं म्हणून मिरवतं, आणि ते खरंही आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला दरवर्षी सायकल वारी जाते. पण पंढरपूरपर्यंत सायकल मारणारा माणूस कोथिंबिरीसाठी स्कूटरला किक मारतो. यात मीही आलो. कारण साधं आहे: सायकलला कॅरिअर नसतं, बास्केट नसते, आणि हवा गेलेली असते.

म्हणून पार्किंगचा एक कोपरा सायकलला द्या. उभा पंप, पंक्चरचं सामान, दोन पाने, तेलाची बाटली. सोसायटीत पडून असलेल्या सायकली बाहेर काढा. आमच्याकडे सात निघाल्या, त्यातल्या चार एका रविवारी दुरुस्त झाल्या. त्या चारींना कॅरिअर आणि मोठी बास्केट लावून सामायिक ठेवल्या. चावी वॉचमनकडे, वहीत सही. गिअरच्या महागड्या सायकलींच्या नादी लागू नका. सामानाला जुनी काळी घोडा सायकलच खरी.

अंबड-सातपूरला जाणाऱ्यांची शिफ्टप्रमाणे यादी करा. एकाच शिफ्टचे तिघे निघाले तर एकच गाडी, आठवड्याने आळीपाळी. इथे पेट्रोलच्या पैशावरून कटकट होते, म्हणून दर आधी ठरवा किंवा गाडीच आळीपाळीने काढा. सिटीलिंकची बस जवळून जात असेल तर तिच्या वेळा छापून लिफ्टशेजारी लावा. अ‍ॅपमध्ये दिसतं, पण कागद लावला की लोक वाचतात. द्वारकेच्या चौकातून रोज गाडी काढणाऱ्याला बसची महती सांगावी लागत नाही, त्याला फक्त वेळ माहीत हवी.

स्वयंपाकघर, क्रेट आणि गोधडी

काकूंच्या सिलेंडरकडे येतो. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवणं, कुकरमध्ये डबे एकावर एक लावून एकदाच गॅस पेटवणं, शिट्टीनंतर आच बारीक करणं हे सगळ्यांना माहीत असतं; वही सुरू झाली की ते केलंही जातं. त्यापलीकडची युक्ती म्हणजे उबेची पेटी.

पिंपळगावला टोमॅटो भरतात तो प्लॅस्टिकचा क्रेट घ्या. तळाला आणि चारही बाजूंना जुनी गोधडी दाबून बसवा, मध्ये पातेल्याएवढी जागा ठेवा. भात, डाळ, मूग जे असेल ते झाकण ठेवून चांगलं खळखळून उकळू द्या. भाताला पाच मिनिटं, भिजवलेल्या तुरीच्या डाळीला दहा-बारा. मग पातेलं झाकणासकट उचलून क्रेटमध्ये ठेवायचं आणि वरून दुसरी गोधडी घट्ट. भात पाऊण तासात होतो, डाळीला दीड-दोन तास. पातेलं काठोकाठ भरलेलं हवं, अर्ध्या पातेल्याची ऊब टिकत नाही. मध्ये उघडून बघायचं नाही, आणि आमच्याकडे नेमकं हेच कुणाला जमत नव्हतं. राजमा मात्र आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, नाहीतर पोट बिघडतं. पेटीतलं अन्न गरम आहे तोवर खायचं, रात्रभर ठेवायचं नाही.

काकूंचा सिलेंडर अडतीस दिवसांवरून सत्तेचाळीस दिवसांवर गेला. त्यात सून महिनाभर माहेरी होती हेही त्यांनी प्रामाणिकपणे वहीत लिहिलं आहे.

आंघोळीचं पाणी हा नाशिकच्या थंडीतला मोठा खर्च. गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर त्याचे पाइप कुठे गळतात, कुठे उघडे आहेत ते बघा. बऱ्याच सोसायट्यांत तो असतो पण बंद पडलेला असतो. नवं घेण्याआधी जुनं चालू करा.

भाजी आणि कांदा

ताटातही तेल असतं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, आणि गिरणाऱ्याचा टोमॅटो बाजार समितीतून फिरत फिरत पंधरा-वीस किलोमीटरवरच्या आपल्या दारात येतो. शहराच्या चहूबाजूंना मळे असताना हे हसण्यासारखं आहे.

आम्ही दिंडोरीकडच्या एका शेतकरी दादांशी बोललो. गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर मागणी, शनिवारी सकाळी एक गाडी. सुरुवातीला आम्ही ‘पाव किलो गवार, एक जुडी मेथी’ अशी यादी पाठवायचो. दादा दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, ‘साहेब, हे मला परवडत नाही. मळ्यात जे निघेल ते मी देतो, पाच किलोची पिशवी, सगळ्यांना सारखी.’ तेच बरोबर होतं. भाव हंगामाच्या सुरुवातीला ठरवा आणि मग तोच ठेवा. बाजार पडला तर तुम्ही जास्त देता, चढला तर तो कमी घेतो. हे ज्यांना मान्य नाही त्यांना घेऊ नका. एका महिन्यात टोमॅटो मातीमोल झाले आणि आमचे तीन जण गुपचूप बाजारात गेले. दादांना ते कळलं, बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्याच्या पिशवीत हिरवी मिरची नव्हती.

पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडच्या बाया रानभाज्या घेऊन येतात, त्यांच्याकडून घ्या. नागली, वरई याच पट्ट्यातली. विहिरीवर मोटर लावून पाणी द्यावं लागत नाही अशी ही पिकं आहेत.

कांद्याचं वेगळं सांगतो, कारण विजेशिवाय अन्न टिकवायचा उत्तम नमुना आपल्या जिल्ह्यातच उभा आहे. लासलगाव, निफाड, कळवणकडची कांदा चाळ. फ्रीज नाही, मोटर नाही, खालून-बाजूने वारा खेळता ठेवायचा, बस. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा घ्या, लाल कांदा टिकत नाही. पात पूर्ण सुकलेली, मान बारीक पडलेली आणि इंचभर देठ ठेवून कापलेला असा बघून घ्या. आम्ही पहिल्या वर्षी चार गोणी जिन्याखाली रचल्या. जुलैत वास सुटला, निम्मे कोंब आलेले, निम्मे सडलेले. दुसऱ्या वर्षी पार्किंगच्या वाऱ्याच्या बाजूला विटांवर लाकडी पट्ट्या टाकल्या, वर क्रेट, क्रेटमध्ये फूटभरच थर. दर रविवारी एक जण हाताने उलथून बघतो. सडका एकच असतो, पण तो ओल्या पोत्यासारखा वास मारतो आणि नाकालाच सापडतो. असा कांदा आम्हाला दसऱ्यापर्यंत पुरला. बटाटे त्याच्या शेजारी ठेवू नका.

ओला कचरा घंटागाडीत न देता आवारात जिरवायचा असेल तर विटांचे दोन हौद करा, एक भरेपर्यंत दुसरा पिकतो. एक बादली ओला, दोन बादल्या सुका पालापाचोळा. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, पाला टाका. उंदरांसाठी तळाला आणि वर जाळी. यात याहून कठीण काही नाही.

गच्ची

सोलर सगळ्यात शेवटी घेतलं, आणि मुद्दाम. आधी वापर खाली आणा, मग उरलेल्याला पॅनेल लावा. जिन्यातले दिवे, पंपाच्या वेळा, लिफ्ट यांचं सामायिक बिल आधी कमी करा.

बारा महिन्यांची बिलं काढा. १ किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, पावसाळ्यात बरंच कमी, आणि साधारण शंभर चौरस फूट जागा घेतं. सामायिक मीटर महिन्याला ६०० युनिटांचा असेल तर ५ किलोवॅट पुरे. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे पाचाला ९०,०००. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटना ३०,००० प्रत्येकी, आणि तीन किंवा जास्त असेल तर कमाल ७८,०००. सर्वसाधारण सभेत ठराव, पोर्टलवर अर्ज, महावितरणची मंजुरी, मग काम आणि शेवटी नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा), हा क्रम. ठेकेदाराचे पूर्ण पैसे नेट मीटर बसेपर्यंत देऊ नका.

सावलीचं मात्र स्वतः बघा. आमच्या ठेकेदाराने मे महिन्यात दुपारी बारा वाजता गच्ची पाहिली आणि सांगितलं, ‘एकदम क्लिअर.’ डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि पाण्याच्या टाकीची लांबलचक सावली तीन पॅनेलवर पडू लागली. स्टँड हलवायला पुन्हा पैसे. डिसेंबरात सकाळी नऊ, बारा आणि तीनला गच्चीवर खडूने सावलीच्या रेघा मारा, त्याच्या बाहेरची जागा तुमची.

आणखी एक, जे विकणारे आपणहून सांगत नाहीत: साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं, भर दुपारीही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच असावं लागतं. लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल या आशेवर असाल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

तालीम

वर्षातून एकदा आम्ही टँकर न आल्याचं सोंग करतो. पहिल्या वर्षी दोन दिवस, नंतर चार. कुणी पंपावर जायचं नाही. आधी एक कागद तयार करायचा: कुणाला नियमित दवाखान्यात न्यावं लागतं, कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाकडे कोणती औषधं किती दिवसांची आहेत. एक गाडी दवाखान्यासाठी राखीव, टाकी कायम अर्धी भरलेली. बाटल्या-कॅनमध्ये पेट्रोल भरून पार्किंगमध्ये ठेवायचं नाही, कितीही मोह झाला तरी. ती आगीला निमंत्रणं.

तालमीनंतर वही उघडून पाच वर्षांचा तक्ता करा: यंदा किती लिटर, पुढच्या वर्षी किती, कोणती गोष्ट केल्याने. भिंतीवर लावा. तीन-चार सोसायट्यांचे तक्ते जमले की नगरसेवकाकडे किंवा महापालिकेत जाताना हातात काही तरी असतं. अमुक थांब्यावर बस हवी, अमुक रस्त्याला सायकलींसाठी कडेची जागा हवी, असं नेमकं मागता येतं. एकत्र आलेल्या लोकांनी किती मोठं काम पेलता येतं हे बघायचं असेल तर ओझरला जाऊन या. वाघाड धरणाचं पाणी तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था वाटून घेतात. मोजतात, पट्टी वसूल करतात, भांडतात आणि पुन्हा बसतात. आमच्या चोवीस घरांना वहीवरून झालेलं भांडण त्यापुढे काहीच नाही.

यंदाच्या तालमीत तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्यांना देवळालीला लग्नाला जायचं होतं, पाच माणसं, आहेराचं सामान. बसने जायचं ठरलं होतं. ऐन वेळी गाडीच काढली आणि परत आल्यावर वहीत लिहिलं: ‘२२ किमी, कारण पैठणी.’ ती नोंद आम्ही खोडलेली नाही. पुढच्या तालमीची तारीख ठरवताना आता आधी लग्नाच्या तिथी बघतो.